फाटकावरचा दूरध्वनी : बिघाड कसा शोधावा?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या रांगांत, काळी नदीच्या खोऱ्यात वसलेला अरण्यप्रदेश आहे. पूर्वी तो सुपा तालुका या नावाने ओळखला जाई. गणेशगुडी येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, सुपा गाव त्याच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयडा झाले. विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांनी रामनगर येथे नवा संसार मांडला. तालुक्याचा फार मोठा भाग आजही जंगलाने व्यापलेला आहे. गावे लहान, वाड्या दूरदूर आणि घरे एकमेकांपासून अलग, अशी येथील वस्तीची ठेवण आहे. रस्ता खाली, घर वर टेकाडावर आणि मधे सुपारीची बाग किंवा भाताची खाचरे, असे दृश्य येथे पावलोपावली दिसते.

अशा ठिकाणी पाहुणा एकदम दारात येत नाही. तो प्रथम फाटकाशी येतो. फाटक म्हणजे बांबूचे बेडे होते तोवर प्रश्न सोपा होता. येणारा मोठ्याने हाळी देई, कुत्री भुंकत आणि घरातले कोणी तरी खाली उतरून बेडे सरकवी. पुढे लोखंडी फाटके आली, त्यांना विजेची कुलपे आली आणि हाळीची जागा फाटकावरच्या दूरध्वनीने घेतली. पाहुण्याने पेटीवरील बटण दाबावे, घरातील दूरध्वनी वाजावा, घरच्या माणसाने बोलून ओळख पटवावी आणि बसल्या जागेवरून एक आकडा दाबून फाटक उघडावे, अशी ही व्यवस्था आहे. शहरांतील मोठ्या इमारतींमध्ये ती रुळली आहे. वसतिगृहे, बागायतदारांची घरे, पर्यटकांची निवासस्थाने आणि कार्यालये यांनाही ती सोयीची वाटते.

सोय मोठी, पण ती बंद पडली तर अडचणही तेवढीच मोठी. २०२२ सालच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखक दौऱ्यावर असताना एका खाजगी वसतिगृहात मुक्कामाला होता. रात्री एका मुलाला तापाची फणफण चढली, म्हणून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावण्यात आली. आम्ही सारे वर व्हरांड्यात वाट पाहत बसलो होतो आणि रुग्णवाहिका खाली फाटकाशी येऊन उभी होती! चालकाने पेटीवरील बटण दोन-तीनदा दाबले. प्रत्येक वेळी पेटीतून कसला तरी ध्वनिमुद्रित आवाज आला. परंतु पावसाच्या माऱ्यात त्याला शब्द कळले नाहीत. त्याच्या खिशातील मोबाइलला तेथे जाळे नव्हते. अखेरीस तो फाटकावर चढून, चिखल तुडवीत वर आला तेव्हा आम्हांला उलगडा झाला. सुमारे वीस मिनिटे वाया गेली. मुलगा पुढे बरा झाला, हे आपले सुदैव. बिघाड मात्र अगदी क्षुल्लक होता. तो कोणता, हे पुढे यथास्थळी सांगितले आहे.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्या हा त्याचा विषय नव्हे. तथापि त्या रात्रीनंतर जाणकारांकडून ही यंत्रणा त्याने समजावून घेतली. बिघाड कोणत्या जागी आहे हे ओळखण्यास तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. क्रमाने विचार करण्याची सवय तेवढी हवी, असा त्याचा अनुभव आहे. शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक, कार्यालयांतील कर्मचारी आणि गृहस्थ या सर्वांना ती माहिती उपयोगी पडावी, हा या लेखाचा हेतू आहे.

यंत्रणेचे पाच दुवे

फाटकावरचा दूरध्वनी ही पाच कड्यांची साखळी आहे, असे समजावे. पहिली कडी विजेची : फाटकावरील पेटीला आणि कुलपाला लागणारा, बहुधा १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा. दुसरी कडी मार्गाची : पेटीपासून घरच्या दूरध्वनीपर्यंत संदेश नेणारी तार, किंवा तारेऐवजी पेटीत बसविलेले मोबाइलचे सिम. तिसरी कडी आवाजाची : पेटीतील मायक्रोफोन व स्पीकर. चौथी कडी आज्ञेची : घरातून दाबलेला आकडा आणि तो ओळखून पेटीतील ‘रिले’ नावाची लहानशी विद्युत्‌कळ चालविणारे मंडल. पाचवी आणि शेवटची कडी कुलपाची व फाटकाची.

या पाचांपैकी एक जरी कडी निखळली तरी फाटक उघडत नाही आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सर्व बिघाड सारखेच दिसतात. त्यामुळे ‘यंत्र बिघडले’ एवढ्याच निरोपावर कारागिराला दूरवरून बोलावण्यात येते. तो येतो तेव्हा आवश्यक तो सुटा भाग त्याच्याजवळ नसतो आणि दुसरी फेरी पडते. कोणती कडी तुटली हे आधीच सांगता आले तर श्रम व खर्च दोन्ही वाचतात.

शोधाचा आरंभ कोठून करावा?

या कामाला दोन माणसे लागतात : एक फाटकाशी, दुसरा घरातील दूरध्वनीपाशी. फाटकाशी असलेल्याने बटण दाबावे आणि पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत. पेटीवरील दिवा लागतो काय? बटण दाबल्यावर डायल टोन व आकडे फिरल्याचा आवाज येतो काय? घरातील दूरध्वनी वाजतो काय? दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांस ऐकू येते काय? घरातून आकडा दाबताच पेटीतून किंवा कुलपातून ‘टक्’ असा आवाज येतो काय? आणि तो आल्यावर फाटक ढकलले असता उघडते काय? ज्या प्रश्नाचे पहिले ‘नाही’ मिळेल तेथे थांबावे. बिघाड त्याच जागी किंवा त्याच्या लगत आहे. त्यापुढील भागांना हात लावण्याचे कारण नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. २३० व्होल्टच्या घरगुती विजेशी संबंध येणारे काम परवानाधारक तारतंत्र्यानेच करावे. ओल्या हाताने किंवा पाऊस पडत असताना पेटी उघडू नये.

वीज

पेटीवर दिवाच नसेल तर प्रथम घरातील प्लग, कळ व फ्यूज पाहावा. गंमत अशी की, ज्या काळी खोऱ्यातील पाण्यावर वीज निर्माण होते त्याच खोऱ्यातील वाड्यांवर पावसाळ्यात झाडाची एक फांदी तारेवर पडली की अंधार होतो. म्हणून अशा यंत्रणेला बॅटरीचा आधार असावाच लागतो. साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बंदिस्त बॅटरी या कामी वापरतात. चुंबकी कुलपाला अर्धा अँपिअर आणि पेटीला ०.२ अँपिअर प्रवाह सतत लागतो असे धरले, तर एकूण ०.७ अँपिअर होतो; म्हणजे नवी बॅटरी हिशेबाने १० तास पुरेल. प्रत्यक्षात ती त्याहून कमी पुरते आणि जुनी झाल्यावर फारच कमी. वीज असताना सर्व काही ठीक चालते, परंतु वीज जाताच काही मिनिटांत यंत्रणा बंद पडते, असे आढळले तर बॅटरी संपुष्टात आली असे समजावे. महिन्यातून एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून ही परीक्षा घ्यावी.

तार आणि जाळे

दिवा आहे, पण डायल टोन नाही, अशी स्थिती असेल तर पेटीला दोष देण्यापूर्वी तार तपासावी. याची परीक्षा अगदी सोपी आहे. घरातील साधा दूरध्वनी फाटकाशी न्यावा आणि पेटीला येणाऱ्या तारेच्या जोडीला तो थेट जोडून पाहावा. टोन आला तर तार ठीक व पेटी सदोष. टोन नाही आला तर तोच दूरध्वनी घराच्या भिंतीवरील रोझेटला, म्हणजे बाहेरची तार जेथे येऊन मिळते त्या लहान डबीला, जोडावा. तेथे टोन असेल तर दोष घर व फाटक यांमधील तारेत. तेथेही नसेल तर दोष बाहेरच्या वाहिनीत असून तक्रार दूरध्वनी केंद्राकडे करावी लागेल.

तांब्याच्या दूरध्वनीतारेवर, दूरध्वनी खाली ठेवलेला असताना, सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. तो अगदीच कमी आढळला तर कोठे तरी तारा एकमेकींना टेकल्या आहेत किंवा सांध्यात पाणी शिरले आहे. जमिनीखालून नेलेल्या तारेचे सांधे आणि झाडांवरून टांगलेल्या तारेची घर्षणाची ठिकाणे या दोन जागा आधी पाहाव्यात. तांब्यावर हिरवट थर दिसला तर तेवढा भाग कापून नवा सांधा करावा.

येथे थोडे मागे वळून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यांपैकी पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, म्हणजे आपल्या शेजारीच, सुरू झाले. वातानुकूलनावाचून धूळ व उष्मा सोसू शकणाऱ्या या केंद्रांमुळे दूरध्वनी खेडोपाडी पोहोचला. त्या काळातील तांब्याच्या तारेची एक खूबी होती : दूरध्वनीला लागणारी वीज केंद्राकडूनच तारेतून येई. त्यामुळे घरात अंधार असला तरी दूरध्वनी चाले. आता तांब्याची जागा काचतंतू घेत आहे. काचतंतूतून वीज येत नाही. तेथे घरातील लहान यंत्राला स्वतंत्र विजेची गरज असते आणि ते यंत्र बंद पडले की फाटकावरचा दूरध्वनीही मुका होतो. तांब्याऐवजी काचतंतूची जोडणी घेताना त्या यंत्रालाही इनव्हर्टरचा किंवा बॅटरीचा आधार देण्यास विसरू नये.

ज्या पेटीत सिम असते तिचे प्रश्न वेगळे आहेत. तार नसल्याने सांध्याची कटकट नाही, परंतु आपल्या दऱ्याखोऱ्यांत जाळेच क्षीण असते. फाटक दरीत आणि मनोरा डोंगरापलीकडे असेल तर पेटीचा अँटेना उंच खांबावर न्यावा लागतो. सिमची मुदत संपणे हे आणखी एक नित्याचे कारण. ते सिम कोणाच्याही खिशात नसल्याने ‘रिचार्ज करा’ हा संदेश वाचायला कोणी नसते. तसेच, जुन्या पेट्या केवळ दुसऱ्या पिढीचे, म्हणजे ‘टू-जी’ जाळे ओळखतात. ज्या कंपनीजवळ ते जाळेच नाही तिचे सिम अशा पेटीत घातले तर पेटी निर्दोष असूनही चालणार नाही.

एका शून्याची गोष्ट

आता त्या रात्रीच्या बिघाडाकडे वळू. वसतिगृहाची पेटी तारेवर चालणारी होती. तिच्या स्मृतीत आरंभी कार्यालयातील स्थिर दूरध्वनीचा क्रमांक नोंदलेला होता. पुढे नवे अधीक्षक आले आणि त्यांनी सोयीसाठी स्वतःचा दहा आकडी मोबाइल क्रमांक त्या जागी घातला. परंतु दूरसंचार विभागाच्या निर्णयानुसार १५ जानेवारी २०२१ पासून देशभर स्थिर दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला दूरध्वनी करताना क्रमांकाआधी शून्य लावणे आवश्यक झाले आहे. शून्य न लावल्यास जोडणी होत नाही; शून्य लावा, अशी सूचना तेवढी ऐकू येते. पावसात चालकाच्या कानी पडलेला तो ध्वनिमुद्रित आवाज म्हणजे हीच सूचना होती!

तारेवर चालणारी पेटी असेल आणि तिच्यातून मोबाइल वाजायचा असेल, तर नोंदलेल्या प्रत्येक क्रमांकाआधी शून्य आहे की नाही हे आजच पाहावे. मोबाइलवरून मोबाइलला दूरध्वनी करताना हे शून्य आवश्यक नसल्याने ते आपल्या ध्यानात राहत नाही.

घरचा दूरध्वनी न वाजण्याची आणखीही काही कारणे आढळतात. अनोळखी क्रमांक अडविण्याची सोय मोबाइलमध्ये चालू असेल तर फाटकाचा क्रमांकही अडविला जातो. तो नावासह नोंदवून ठेवावा. रात्री मोबाइल मूक ठेवण्याची सवय असल्यास त्या एका क्रमांकाला अपवाद करावा. शिवाय, पेटीच्या स्मृतीत एकाहून अधिक क्रमांक साठविता येत असतील तर दुसरा क्रमांक दुसऱ्या माणसाचा असावा. एकाच व्यक्तीचे दोन मोबाइल हा दुसरा आधार नव्हे.

आवाज

जोडणी होते, पण बोलणे एका बाजूनेच ऐकू येते, अशी तक्रार पावसाळ्यानंतर विशेष येते. पेटीवरील मायक्रोफोनचे छिद्र सुईच्या अग्राएवढे असते. कुंभारमाशीला असली छिद्रे मातीचे घर बांधण्यास फार पसंत पडतात. मुंग्या आत शिरून अंडी घालतात, पाली कोपऱ्यात आसरा घेतात. बाहेरून मऊ ब्रशाने छिद्र साफ करावे. टोकदार खिळा आत खुपसू नये, कारण लगेच मागे नाजूक पडदा असतो. तार आत जाण्याचे भोक रबरी बुचाने बंद असावे आणि तार खालच्या बाजूने आत घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी पेटीत न जाता खाली गळून पडेल.

आवाजात सतत घरघर येत असेल तर तारेचा एक पदर ओल्या जमिनीला किंवा भिंतीला लागला असण्याचा संभव आहे. दूरध्वनीची तार व विजेची तार एकाच नळीतून नेल्यानेही अशी घरघर येते. दोहोंमध्ये अंतर ठेवावे. शीळ घातल्यासारखा कर्कश आवाज येत असेल तर स्पीकरचा आवाज प्रमाणाबाहेर वाढविलेला आहे; तो थोडा कमी केला की शीळ थांबते.

आज्ञेचा सूर

बोलणे नीट झाले, घरच्या माणसाने आकडाही दाबला, तरी फाटक ढिम्म राहिले, असे झाले तर चौथी कडी तपासावी. फाटक उघडण्याचा आकडा पुष्कळ यंत्रांत ९ असतो. निर्मात्याप्रमाणे तो वेगळाही असू शकतो.

आकडा दाबल्यावर दूरध्वनी एक नव्हे तर दोन सूर एकाच वेळी पाठवितो. ९ या आकड्यासाठी ८५२ आणि १४७७ हर्ट्झ, ५ या आकड्यासाठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ, अशी प्रत्येक आकड्याची जोडी ठरलेली आहे. दोन सूर अशासाठी की, माणसाच्या बोलण्यातून चुकून तशीच जोडी उमटण्याचा संभव कमी. अमेरिकेत १९६३ साली ही पद्धत प्रथम व्यवहारात आली आणि पुढे जगभर पसरली. पेटीतील मंडल हे दोन सूर ऐकते, जोडी ओळखते आणि रिलेला चालना देते.

जुन्या, बोटाने तबकडी फिरविण्याच्या दूरध्वनीतून सूर निघत नाहीत, नुसते ठोके पडतात. त्यावरून फाटक उघडणार नाही. बटणांच्या काही दूरध्वनींच्या तळाशी ‘पल्स’ आणि ‘टोन’ अशी लहान कळ असते; ती ‘टोन’कडे असावी. मोबाइलवर बोलणे चालू असताना आकड्यांचा फलक आपोआप दिसत नाही. तो ‘कीपॅड’ या चिन्हावर बोट ठेवून उघडावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांना हे ठाऊक नसते आणि ते यंत्रालाच दोष देतात. त्यांना एकदा शांतपणे दाखवून, दोन-तीनदा करून घ्यावे. आकडा झटकन न दाबता क्षणभर दाबून धरावा. क्षीण जाळ्यातून तुटक गेलेला सूर पेटीला ओळखता येत नाही. पुष्कळ पेट्या ठरावीक वेळेनंतर बोलणे आपोआप तोडतात. ख्यालीखुशाली विचारण्यात ती वेळ निघून गेली तर आकडा दाबून उपयोग होत नाही. आधी फाटक उघडावे, मग अंगणात बसून बोलावे.

याच संदर्भात सुरक्षिततेची एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काही जुन्या पेट्या सूर घरातून आला की फाटकाशी निर्माण झाला, हा भेद ओळखत नाहीत. बाहेरचा माणूस आपल्या मोबाइलमधून तोच सूर पेटीसमोर वाजवील तर फाटक उघडू शकते. आपल्या यंत्राची ही परीक्षा स्वतः करून पाहावी आणि दोष आढळल्यास ते बदलून घ्यावे. तसेच, निर्मात्याने घालून दिलेला गुप्त आकडा यंत्र बसविल्याच्या दिवशीच बदलावा. तो पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका कोणालाही वाचता येते.

कुलूप आणि फाटक

पेटीतून ‘टक्’ आवाज आला म्हणजे रिलेने आपले काम केले. तरीही कुलूप उघडत नसेल तर प्रथम हाताने फाटक किंचित वर उचलून ढकलावे. तेवढ्याने उघडले तर बिघाड विजेचा नसून बिजागरीचा आहे. पावसात लाकूड फुगते, लोखंड गंजते, खांब कलतो आणि कुलपाची जीभ खाचेत अडकते. अशा वेळी सुताराचे किंवा लोहाराचे काम असते, तंत्रज्ञाचे नव्हे.

तसे नसेल तर कुलपाशी दाब मोजावा. येथे अंतराचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. घर वर आणि फाटक ६० मीटर खाली आहे असे समजा. जाऊन-येऊन तार १२० मीटर झाली. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध या लांबीत सुमारे ४.३ ओहम भरतो. कुलपाला एक अँपिअर प्रवाह लागत असेल तर ४.३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि १२ व्होल्टच्या कुलपाला जेमतेम ७.७ व्होल्ट मिळतात. कुलूप गुणगुणते, पण उघडत नाही. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर घट जवळजवळ दीड व्होल्टपर्यंत खाली येते. पातळ तार स्वस्त पडते. पण डोंगरउतारावरच्या लांब अंतरासाठी ती घेणे म्हणजे चार पैसे वाचवून कुलूप निरुपयोगी करणे होय.

रिले पुनःपुन्हा जळत असेल तर कुलपाच्या वेटोळ्यावर संरक्षक डायोड आहे काय, हे तंत्रज्ञास विचारावे. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या कुलपाचा प्रवाह तुटताना वेटोळ्यातून उलट दाबाचा झटका बसतो. डायोड तो आपल्या अंगावर घेतो.

वळवाच्या पावसातील विजांचा धोकाही येथे लक्षात घ्यावयास हवा. फाटकापासून घरापर्यंत उघड्यावरून गेलेली लांब तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका घरात आणते. तारेच्या दोन्ही टोकांना दाबरोधक बसवावा आणि त्यास चांगले अर्थिंग द्यावे. प्रत्यक्ष तारेवरच वीज कोसळली तर कोणतेच साधन पूर्ण संरक्षण देत नाही. परंतु बहुतेक नुकसान आसपासच्या विजेच्या झटक्यांनी होते आणि ते टाळता येते.

बाहेर पडण्याची वाट

आतापर्यंत आपण आत येणाऱ्याचा विचार केला. त्याहून महत्त्वाचा विचार बाहेर पडणाऱ्याचा आहे. विजेच्या कुलपांचे दोन प्रकार असतात. वीज गेली की उघडे राहणारे एक. चुंबकी कुलूप या प्रकारात मोडते. वीज गेली तरी बंदच राहणारे दुसरे. चोरीच्या भीतीने लोक दुसऱ्या प्रकाराकडे वळतात, ते स्वाभाविक आहे. परंतु वसतिगृहाच्या किंवा शाळेच्या दारावर ते बसवायचे असेल तर आतून केवळ हाताने, किल्लीवाचून व विजेवाचून उघडण्याची सोय असलीच पाहिजे. बाहेर पडण्याची दारे आतील माणसाला किल्लीशिवाय उघडता यावीत, असे राष्ट्रीय इमारत संहितेतही सांगितले आहे.

या नियमामागे दुःखद अनुभव आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या असल्याने बाल्कनीतील प्रेक्षकांना वेळेत निसटता आले नाही. ती दारे काही दूरध्वनीवर उघडणारी नव्हती. पण धूर कोंडलेल्या खोलीत दार कशामुळे बंद आहे, याला महत्त्व उरत नाही. म्हणून ज्या दारामागे मुले झोपतात त्या दाराची परीक्षा मुख्य वीज व बॅटरी दोन्ही बंद करून, आतील बाजूने, एखाद्या मुलाच्याच हातून करून घ्यावी. दहा वर्षांच्या मुलाला ते अंधारात उघडता आले तरच ते दार योग्य समजावे.

जबाबदारी कोणाची?

सार्वजनिक जागी फाटकावरचा दूरध्वनी बंद राहण्याचे खरे कारण पुष्कळदा यांत्रिक नसते. तो कोणाच्या जबाबदारीचा आहे हेच ठरलेले नसते. शिपायाला वाटते कार्यालय पाहील. कार्यालयाला वाटते बसविणारा पाहील. म्हणून प्रत्येक संस्थेने एका व्यक्तीचे नाव निश्चित करावे आणि एक साधी नोंदवही ठेवावी. दरमहा एका ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून वर सांगितलेल्या प्रश्नांची परीक्षा घ्यावी आणि तारीख, उत्तर व सही नोंदवावी. सिमची मुदत, बॅटरी बसविल्याची तारीख, नोंदलेले क्रमांक आणि कारागिराचा पत्ता हे वहीच्या पहिल्या पानावर असावे. अधिकारी बदलला, अधीक्षक बदलले किंवा मोबाइल क्रमांक बदलला की त्याच दिवशी एकदा फाटकावरून दूरध्वनी करून पाहावा. शाळांत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना ही परीक्षा पाहू द्यावी. दाब, रोध आणि ध्वनी हे धडे पुस्तकापेक्षा फाटकाशी अधिक चांगले समजतील.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. फाटकाच्या खांबावर एक साधी घंटा टांगावी आणि तिची दोरी बाहेरच्या माणसाच्या हाती येईल अशी ठेवावी. तिच्याखाली मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत, रात्री दिसेल अशा अक्षरांत लिहावे : ‘दूरध्वनी लागत नसल्यास घंटा वाजवा.’ फाटकाची एक किल्ली रस्त्यालगतच्या विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. रुग्णवाहिकेला किंवा ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलाविल्यावर घरातील एका माणसाने कंदील वा विजेरी घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहावे. यंत्र चालू असले तरीही.

त्या वसतिगृहात आता प्रत्येक क्रमांकाआधी शून्य आहे, वही आहे आणि फाटकावर पितळेची घंटाही आहे. गेल्या भेटीत प्रस्तुत लेखकाने मुद्दाम दूरध्वनीचे बटण न दाबता घंटेची दोरी ओढली. एका मिनिटाच्या आत दोन मुले पायवाटेने धावत खाली आली.